रेटीचा तिरका राजा

रात्री दोनला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पट मांडून बसणाऱ्या पब्लिकसाठी एक कोडं. पांढरा राजा एच-८ वर, प्यादं सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, प्यादं एच-५ वर. खेळी पांढऱ्याची, आणि त्याला डाव बरोबरीत सोडवायचाय. अशक्य वाटतं ना? काळं प्यादं वजीर व्हायला निघालंय, त्याला पकडायला आपला राजा दोन खेळ्यांनी मागे. आपलं प्यादं तर काळ्या राजाच्या तोंडाशीच.

हे कोडं रिचर्ड रेटीने १९२१ मध्ये रचलं. जन्म १८८९, गाव पेझिनोक. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, आज स्लोव्हाकियात. गडी व्हिएन्नाला गणित शिकायला गेला आणि बुद्धिबळातच रमला (काहींना ओळखीचं वाटेल!). आठ वर्षं न हरलेल्या विश्वविजेत्या कापाब्लांकाला त्याने १९२४ मध्ये न्यूयॉर्कला हरवलं. १९२५ मध्ये साओ पावलोत पट न बघता एकाच वेळी २९ डाव खेळला. तो तेव्हाचा विक्रम होता. पण मला विचाराल तर ही चार मोहऱ्यांची रचनाच त्याची खरी कमाई.

उत्तर बघा. राजा जी-७, एफ-६, ई-५ असा तिरका उतरतो. कागदावर भूमितीत तिरका रस्ता लांब पडतो, पण राजाला तिरकं घरही एकाच खेळीत मिळतं. त्यामुळे तो काळ्या प्याद्याचा पाठलाग करतो आणि त्याच खेळ्यांत स्वतःच्या प्याद्याकडेही सरकतो. काळ्या राजाने आपलं प्यादं मारायला दोन खेळ्या घालवल्या, तर तेवढ्यात आपला राजा एफ-४ गाठून त्याचं प्यादं पकडतो. नाही घालवल्या, तर दोन्हीकडे वजीर होतात.

६ जून १९२९ ला प्रागमध्ये स्कार्लेट फीव्हरने रेटी गेला. वय अवघं ४०. कॉम्प्युटर त्याने पाहिलाच नाही.

१९७७ मध्ये माँटी न्यूबॉर्नचा फक्त राजे-प्याद्यांच्या शेवटांसाठी लिहिलेला ‘पेझंट’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. अशा शेवटांत प्रत्येक वळणावर खेळ्या थोड्या असतात, पण निकाल फार पुढे लागतो, म्हणून पुढे-पुढे शोधत जाणारं मशीन दमतं. त्यावर तोडगा म्हणजे उलटं चालायचं. निकाल लागलेल्या स्थितींपासून एकेक खेळी मागे येत प्रत्येक स्थितीवर जिंकली, हरली की बरोबरी असा शिक्का मारायचा. २०१८ पर्यंत राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतचे असे तक्ते तयार झाले. त्यात रेटीची स्थिती घालून बघा: बरोबरी, आणि पहिली खेळी एकच, राजा जी-७.