विश्लेषण : पॅरिसच्या गल्ल्या टिपणाऱ्या आत्जेंचे काम कसे वाचले?

आधुनिक छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातील मोठे नाव म्हणून युजीन आत्जे आज ओळखले जातात. हयातीत मात्र त्यांना फारसे नाव मिळाले नाही. त्यांच्या कामाचा मोठा भाग जपला तो या क्षेत्रात नव्याने आलेल्या एका तरुणीने.

आत्जे कोण होते?

फ्रान्समधील लिबूर्न येथे १८५७ मध्ये जन्म. आईवडील लहानपणीच गेले. काही काळ जहाजावर, मग फिरत्या नाटकमंडळीत नट म्हणून काम केले. तिथे जम बसला नाही. मग कॅमेरा हाती घेतला आणि झाडे, दारे, रस्ते यांची छायाचित्रे चित्रकारांना संदर्भासाठी विकून ते पोट भरू लागले.

त्यांनी काय टिपले?

नव्या बांधकामांत जुने पॅरिस नाहीसे होत होते. आत्जे पहाटे लाकडी कॅमेरा, तिपाई आणि जड काचा घेऊन निघत. दुकानांच्या दर्शनी खिडक्या, अंगणे, जिने, फेरीवाले, भंगार वेचणारे असे सारे त्यांनी सुमारे ३० वर्षे टिपले. एक्स्पोजर लांब असल्याने चालती माणसे कधी पुसट सावलीसारखी उमटत. १९२० मध्ये त्यांनी सुमारे २६०० निगेटिव्ह फ्रेंच सरकारला १० हजार फ्रँकला विकल्या.

अ‍ॅबट यांची भूमिका काय?

अमेरिकेच्या बेरेनिस अ‍ॅबट पॅरिसमध्ये मॅन रे यांच्या स्टुडिओत डार्करूमचे काम शिकल्या. आत्जे त्याच रस्त्यावर राहत. त्यांची छायाचित्रे पाहून अ‍ॅबट भारावल्या. १९२७ मध्ये त्यांनी आत्जेंची छायाचित्रे काढली, पण ती पाहण्याआधीच, त्या ऑगस्टमध्ये आत्जे गेले. उरलेला संग्रह विखुरण्याची भीती होती. १९२८ मध्ये अ‍ॅबट यांनी त्यातील हजाराहून अधिक निगेटिव्ह आणि हजारो प्रिंट विकत घेतल्या.

पुढे काय झाले?

१९२९ मध्ये अ‍ॅबट न्यूयॉर्कला परतल्या. तिथेही जुन्या इमारती पाडून गगनचुंबी इमारती उभ्या राहत होत्या. आत्जेंनी पॅरिससाठी केले तेच त्यांनी या शहरासाठी केले. त्यातून १९३९ मध्ये 'चेंजिंग न्यूयॉर्क' हे पुस्तक आले. आत्जेंचा संग्रह त्यांनी ४० वर्षे सांभाळला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला.

विद्यार्थ्यांसाठी यात काय?

आत्जेंचा कॅमेरा त्या काळीही जुनाट होता. एकच शहर, रोजच्याच वस्तू आणि वर्षानुवर्षांचे सातत्य, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांनी टिपलेल्या कित्येक जागा आज फक्त त्या छायाचित्रांतच उरल्या आहेत.