अक्षरांचे कारागीर : जावजी दादाजी

अठराव्या शतकांत लंडन शहरांतील कुशल कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं कार्डें गिऱ्हाइकांस देत असत. त्यांवर कारागिराचें नांव व दुकानाची खूण असे. प्रसिद्ध चित्रकार विल्यम होगार्थ यानें 1720 सालीं खोदकामाचा धंदा मांडला, तेव्हां स्वतःचें कार्ड स्वतःच कोरलें. त्यामुळें जाहिरात व कामाचा नमुना हीं एकच झालीं. आपल्या महाराष्ट्रांतही असे एक कारागीर होऊन गेले. त्यांचें कार्ड म्हणजे त्यांनीं ओतलेलीं अक्षरें होत.

जावजी दादाजी यांचा जन्म 1839 सालीं मुंबईंत एका गरीब कुटुंबांत झाला. वयाच्या दहाव्या वर्षीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामास लागले. तेथें टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी टाइपाचें वळण सुधारण्यासाठीं पुष्कळ श्रम घेतले होते. ती विद्या या मुलानें डोळ्यांनीं टिपली व हातांनीं उचलली. पुढें इंदुप्रकाश आदि छापखान्यांत अनुभव घेऊन 1864 सालीं त्यांनीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे अक्षरें कोरण्यांत निष्णात होते. दोघांच्या मेहनतीनें टाइपास सुबक व ठसठशीत रूप आलें. 1869 सालीं निर्णयसागर छापखाना निघाला, आणि 1886 पासून काव्यमालेंतून जुने संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध होऊं लागले.

या कारागिरास निराळें कार्ड वांटावें लागलें नाहीं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर निर्णयसागर हें नांव दिसलें कीं आंतील छपाई स्वच्छ व शुद्ध असणार, असा भरंवसा देशोदेशींच्या पंडितांस वाटे. मिशनच्या छापखान्यांत तयार झालेला हात संस्कृत विद्येच्या सेवेस लागला, यांत ईश्वरी योजनाच दिसते. 1892 सालीं जावजींचें निधन झालें. त्यांनीं मिळविलेला लौकिक मात्र मागें राहिला.

आपलें पूर्णा हें रेल्वेचें गांव. यंत्रांवर राबणाऱ्या बापांचीं मुलें आमच्या वर्गांत बसतात, आणि कित्येकांस बापाच्या काळ्या हातांचा संकोच वाटतो. त्यांनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, दोन रुपयांवर राबणाऱ्या त्या मुलाचे हातही शिशानें असेच काळे होत असत.