सरकारी पेटी फोडून शेतकरी जगवणारा पाद्री

आइसलँडचे योन स्टेंग्रिमसन (१७२८-१७९१) हे गावचे पाद्री, शेतीही करायचे. ८ जून १७८३ ला लाकी इथं जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हारस वाहत राहिला. पण लाव्हारसापेक्षा वायूनं जास्त घात केला. गंधकाच्या वायूचं धुकं पार युरोपभर पसरलं. फ्लोरिन गवतावर बसलं. ते गवत खाऊन मेंढरांचे दात-हाडं बिघडली, निम्म्याहून जास्त जनावरं मेली. मग उपासमार आली, देशातली पाचातली एक व्यक्ती गेली. योन यांची पत्नीही त्याच काळात वारली. सरकारी मदतीची सीलबंद रक्कम नेताना योन यांनी सील तोडून वाटेतच अडलेल्या शेतकऱ्यांना पैसे दिले. त्यापायी त्यांनाच दंड झाला. त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी मात्र शास्त्रज्ञ आजही वापरतात.