कोडच्या गुंत्याशी भांडलेला माणूस: एड्सगर डायक्स्ट्रा

नव्याने नोकरीला लागलेल्या प्रोग्रामरला विचारून बघा, पहिल्या महिन्यात काय केलंस? नवं ॲप बनवलं, असं उत्तर क्वचितच मिळेल. त्याचा बहुतेक वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात गेलेला असतो. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. फंक्शनचं नाव नुसतंच 'टेम्प २'. आत अट, अटीच्या आत अट, त्याच्या आत आणखी एक अट. आणि सगळ्यात वर कमेंट: याला हात लावू नका. कोड चालतोय, पण का चालतोय ते ऑफिसात कोणालाच माहीत नाही.

हे दुखणं आजचं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर खोलीभर पसरलेला असायचा, तेव्हाही ते होतंच. आणि तेव्हाच एका डच माणसाने हा गुंता सोडवणं हेच आपलं आयुष्याचं काम मानलं. त्यांचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा. इंजिनीअरिंगच्या मुलांना हे नाव ओळखीचं असेल, कारण डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरला त्यांचा अल्गोरिदम हमखास येतो. पण त्या अल्गोरिदमपलीकडचा माणूस कसा होता, ते फारसं कोणी सांगत नाही.

मशीन नसताना लिहिलेले प्रोग्राम

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. ते लायडनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा कोर्स होता, तो त्यांनी केला, आणि तिथेच गाडीने रूळ बदलला. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये ते प्रोग्रामर म्हणून लागले. त्या देशात हे काम करणारे ते पहिलेच.

तिथली गंमत अशी, की कॉम्प्युटर अजून तयारच होत होता. हार्डवेअरवाले मित्र मशीन बांधत होते आणि डायक्स्ट्रा त्याच मशीनसाठी कागदावर प्रोग्राम लिहीत होते. आज आपण कोड लिहितो, रन करतो, एरर आला की बदलतो, परत रन करतो. त्यांच्याकडे रन करायला काहीच नव्हतं. त्यामुळे लिहितानाच प्रत्येक ओळ बरोबर का आहे, हे स्वतःला पटवून द्यावं लागायचं. ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

१९५६ मध्ये आरमॅक नावाचा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. सामान्य माणसालाही कळेल असं काहीतरी त्यावर चालवून दाखवणं भाग होतं. एके दिवशी होणाऱ्या बायकोबरोबर, मारिया डेबेट्स यांच्यासोबत, खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेत कॉफी प्यायला बसले. तिथे जवळपास वीस मिनिटांत, कागद-पेन न घेता, त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धत मनातल्या मनात जुळवली. युक्ती साधी आहे: निघालेल्या ठिकाणापासून सगळ्यात जवळचं गाव आधी पक्कं करा, मग तिथून पुढची अंतरं मोजा, उरलेल्यांतलं सगळ्यात जवळचं पुन्हा पक्कं करा, असं करत मुक्कामापर्यंत पोहोचा. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी नेदरलँड्समधली ६४ गावं घेतली. १९५९ मध्ये ही पद्धत छापून आली. आज फोनमधले नकाशे रस्ता शोधताना ज्या पद्धती वापरतात, त्यांचा पाया हाच आहे.

कागद-पेन नसल्यामुळेच ती पद्धत इतकी सुटसुटीत झाली, असं त्यांचं मत होतं. डोक्यात मावेल तेवढंच ठेवायचं म्हटल्यावर फालतू गुंता आपोआप गळून पडतो.

१९५७ मध्ये लग्न झालं. नोंदणीच्या फॉर्मवर व्यवसाय म्हणून त्यांनी 'प्रोग्रामर' लिहिलं, तर ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी ते मान्यच केलं नाही. असा काही व्यवसाय असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

पुन्हा न सापडणारी चूक

पुढे एक्स-वन नावाचा कॉम्प्युटर आला. त्यात इंटरप्टची सोय होती, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मध्येच एखादं उपकरण हाक मारणार आणि मशीनने हातातलं काम बाजूला ठेवून तिकडे बघायचं. ही हाक नेमकी कधी येईल ते सांगता येत नाही. त्यामुळे एखादी चूक एकदाच दिसणार आणि परत शोधायला जावं तर गायब! 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही भीती लगेच कळेल.

अशा मशीनवर नुसत्या टेस्टिंगच्या भरवशावर राहता येत नाही, हे डायक्स्ट्रा यांनी ओळखलं. टेस्टमध्ये चूक सापडली तर ती आहे हे नक्की. सापडली नाही म्हणून ती नाहीच, असं म्हणता येत नाही. १९५९ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून पुढे त्यांनी 'सेमाफोर' ही कल्पना मांडली. शब्द रेल्वेच्या सिग्नलचा, कामही तेच: आत कोणी आहे, तू थांब. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्ये आजही सेमाफोर आहेत.

शेवयांचा गुंता आणि एक पत्र

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. एव्हाना जगभर प्रोग्राम लिहिले जात होते आणि त्यांत 'गो टू' ही आज्ञा सर्रास वापरली जायची. अर्थ सरळ: इथून उठ आणि अमुक ओळीवर जा.

यात वाईट काय? समजा, पुरणपोळीची कृती अशी लिहिली आहे: चौथी पायरी झाली की अकरावीवर जा, पुरण सैल असेल तर दुसरीवर परत ये, तिथून नववीवर जा, पण आधी सहावी झाली असेल तरच. आता स्वयंपाकघरात कोणी मध्येच विचारलं की पीठ मळून झालंय का, तर नुसत्या कागदाकडे बघून उत्तर देता येईल का? नाही. सुरुवातीपासून कुठून कुठे उड्या मारल्या ते सगळं आठवावं लागेल. हजारो ओळींच्या प्रोग्रामचं असंच व्हायचं. अशा कोडला पुढे स्पॅगेटी कोड म्हणू लागले. आपल्याकडच्या शेवया डोळ्यांसमोर आणा, एक टोक ओढलं की सगळं ताट हलतं.

मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कॉम्प्युटर मासिकात डायक्स्ट्रा यांचं पत्र छापून आलं. त्यांचा मुद्दा असा: कोड कागदावर असतो, पण घडतो वेळेत. माणसाला कागदावरची मांडणी समजते, वेळेत काय घडेल ते डोळ्यांसमोर आणताना त्याची दमछाक होते. म्हणून या दोन्हींमधलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा. 'गो टू' हे अंतर वाढवतो, तर तो उच्च पातळीच्या भाषांतून काढूनच टाका. 'गो टू' घातक आहे असं ठणकावणारं त्या पत्राचं गाजलेलं शीर्षक मात्र त्यांचं नव्हतंच. ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलं होतं.

आणि मग भांडण पेटलं. रोज 'गो टू' वापरणाऱ्यांना हा स्वतःच्या हुशारीवरचा हल्ला वाटला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी तज्ज्ञांची परिषद भरली. मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प वेळेत होत नाहीत, झाले तर भरवशाचे नसतात, हे तिथे उघडपणे कबूल केलं गेलं. डायक्स्ट्रा तिथे हजर होते.

अंधार आणि वही

बाहेर नाव गाजत होतं, तेव्हा घरच्या विद्यापीठात वेगळंच चाललं होतं. आइंडहोवनला त्यांनी मोजक्या लोकांना घेऊन एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवली होती, थरावर थर रचल्यासारखी, प्रत्येक थर आधी तपासून मग पुढचा. पण गणित विभागाला हे काम आपलं वाटलंच नाही. त्यांचा गट मोडला गेला. पुढे काय करायचं हेही सुचत नव्हतं. डायक्स्ट्रा खोल नैराश्यात गेले.

त्यातून बाहेर येताना त्यांनी लिहायला घेतलं. अवघड प्रोग्राम माणसाच्या आवाक्यात कसा आणायचा, हाच विषय. लिहिणं हेच औषध झालं. मित्रांना पाठवलेल्या त्या टिपणाच्या झेरॉक्स प्रती हातोहात देशोदेशी पसरल्या. 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंग' हे नाव तिथून रूढ झालं. मोठ्या कंपन्यांनी ते उचललं, पण त्याचा अर्थ फक्त 'गो टू' बंद, एवढाच घेतला. याची खंत त्यांना कायम राहिली.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला नम्रपणाचा धडा दिला: आपलं डोकं लहान आहे हे आधी मान्य करा, आणि चलाख करामतींपासून लांब राहा.

१९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. या काळातही ते कॉम्प्युटरपासून दूरच. फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून टिपणं लिहायची. त्यांची संख्या १३०० च्या वर गेली. निवृत्तीनंतर ते नेदरलँड्सला परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनन इथे कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

ते बरोबर होते का?

पूर्णपणे नाही. डोनाल्ड नुथ यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं, की काही ठिकाणी 'गो टू'मुळे कोड उलट स्वच्छ होतो. लिनक्सच्या कोडमध्ये तो आजही शिस्तीत वापरला जातो. डायक्स्ट्रा फटकळही होते. न पटलेल्या भाषांवर आणि त्या वापरणाऱ्यांवर ते सडकून टीका करायचे. प्रोग्राम गणितासारखा सिद्ध करावा, ही त्यांची अपेक्षा रोजच्या नोकरीत फार कमी ठिकाणी पाळली जाते.

पण मूळ मुद्दा टिकला. पायथनमध्ये 'गो टू' नाही. जावाने तो शब्द राखून ठेवलाय, पण वापरू दिलेला नाही.

आणि फेब्रुवारी २०१४ आठवा. आयफोनच्या सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये 'गो टू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी मोकळीच, त्यामुळे ती दरवेळी चालायची. परिणाम? पुढची महत्त्वाची तपासणी न होताच सगळं ठीक असल्याचा निरोप जायचा. एकाच वायफायवर बसलेल्या भामट्याला मध्ये शिरायला दार उघडं. ॲपलला तातडीने अपडेट काढावा लागला. दोष एकट्या 'गो टू'चा नव्हता. कंस न घालता लिहिलेली अट आणि नजरेतून सुटलेली ओळ, दोन्हीही त्याला जबाबदार होते. म्हणजे कोड वाचणाऱ्याला कागदावर जे दिसत होतं आणि फोनमध्ये जे घडत होतं, त्यांत अंतर पडलं होतं. १९६८ च्या पत्राचा विषय नेमका हाच.

तेव्हा मंडळी, तुम्ही कोडिंग शिकत असाल तर आजचा प्रोग्राम चालला की लगेच लॅपटॉप मिटू नका. तो मित्राला वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसा. त्याला काही न विचारता कळला, तर तुमचं काम झालं. कुठे अडला, तर ती ओळ आजच बदला, कारण सहा महिन्यांनी तिथे अडणारे बहुधा तुम्हीच असाल.