विश्लेषण : बार्सिलोनातील संघर्ष नेमका कोणी पेटवला? जॉर्ज ऑर्वेल यांची साक्ष का महत्त्वाची?

‘अ‍ॅनिमल फार्म’ आणि ‘१९८४’चे लेखक म्हणून जॉर्ज ऑर्वेल जगाला परिचित आहेत. मात्र त्यांच्या लेखनाला दिशा दिली ती स्पेनच्या यादवी युद्धाने. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात काय घडले, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

ऑर्वेल स्पेनमध्ये कसे?

मूळ नाव एरिक ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. ब्रह्मदेशातील पोलीस नोकरी सोडून ते लेखनाकडे वळले. जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको आणि इतर लष्करी अधिकाऱ्यांनी स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले. डिसेंबरअखेर ऑर्वेल बार्सिलोनात पोहोचले आणि ‘पोउम’ या छोट्या मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीत दाखल झाले.

३ मे रोजी काय घडले?

शहरातील टेलिफोन एक्स्चेंजवर प्रामुख्याने ‘सीएनटी’ या अराजकतावादी कामगार संघटनेचे नियंत्रण होते. पोलिसांनी ते ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला आणि गोळीबार सुरू झाला. फ्रँकोविरोधी गटच एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. त्यावेळी रजेवर असलेल्या ऑर्वेल यांनी पोउमच्या कार्यालयासमोरील पोलिओरामा चित्रपटगृहाच्या गच्चीवर तीन दिवस पहारा दिला.

वाद कशावरून?

पोउमने फ्रँकोच्या इशाऱ्यावर हा कट रचला, असे कम्युनिस्ट वृत्तपत्रांनी छापले. पोउमकडे रणगाडे आणि हजारो रायफली असल्याचाही दावा झाला. ऑर्वेल यांच्या हिशेबानुसार पक्षाच्या तीन मुख्य इमारतींत मिळून सुमारे ८० रायफली होत्या. कट असता तर आघाडीवरून सैन्य बोलावले असते, अन्नसाठा केला असता. तसे काहीच झाले नव्हते. त्याचवेळी आपण एकाच कोपऱ्यातून पाहिले आहे आणि आपली बाजू ठरलेली आहे, याबाबतही त्यांनी वाचकांना सावध केले.

पुढे काय झाले?

२० मे रोजी आघाडीवर ऑर्वेल यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. जूनमध्ये पोउमवर बंदी आली, पक्षाचे नेते आंद्रेउ नीन यांची हत्या झाली. अटकेच्या भीतीने ऑर्वेल पत्नी आयलीनसह फ्रान्सला निसटले. ऑक्टोबर १९३८ मध्ये न्यायालयाने पोउमच्या नेत्यांना मे महिन्यातील संघर्षाबद्दल शिक्षा केली; हेरगिरीचा आरोप मात्र टिकला नाही.

ऑर्वेल यांचे ‘होमेज टू कॅटलोनिया’ एप्रिल १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. छापलेल्या १,५०० प्रती २१ जानेवारी १९५० रोजी त्यांचे निधन होईपर्यंतही संपल्या नव्हत्या. आज मात्र बार्सिलोनातील त्या दिवसांचा अभ्यास या पुस्तकाला वगळून होत नाही.