डिग्री नव्हती, तरी जगाच्या संशोधनात नाव : डॉ. सालिम अली

सालिम अलींचा जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६ रोजी. आई-वडील लहानपणीच वारले. मामू अमीरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणत्या जातीची, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथेच वाट सापडली.

विद्यापीठाची डिग्री नसल्याने सरकारी संशोधन खात्यात नोकरी मिळाली नाही. तरी बर्लिनला प्रा. श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. परतल्यावर म्युझियममधली नोकरीही राहिली नाही. मग निजाम सरकारच्या मदतीने १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपली गेवराई तेव्हा त्याच संस्थानात होती.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या. दूरदेशीचे पक्षी रोगाचे विषाणू आणतात का, हे तपासायचं होतं. अमेरिकेच्या डिलन रिप्लेंसोबत त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवर १० खंड लिहिले. २० जून १९८७ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात. पोरांनी नाव विचारलं तर टाळू नका. मुंबईत त्या मुलाला कुणी टाळलं नव्हतं.