वेड मनाचं की गळ्यातल्या ग्रंथीचं?

बीटल्सचं ‘यस्टरडे’ हे गाणं तुमच्या प्लेलिस्टमध्ये नसेलही, पण एखाद्या रीलवर त्याची चाल कानावर नक्की पडली असेल. ही चाल पॉल मॅकार्टनीला झोपेत सुचली, लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घरात. ते घर त्याची मैत्रीण, अभिनेत्री जेन अ‍ॅशर हिच्या आईवडिलांचं. आज ओळख करून घ्यायची आहे ती पॉलची नाही, जेनच्या वडिलांची. त्यांचं नाव डॉ. रिचर्ड अ‍ॅशर.

तुम्ही कारंजा (घाडगे) इथून रोज वर्ध्याला नाहीतर नागपूरला अपडाऊन करत असाल, तर म्हणाल, या लंडनच्या डॉक्टरचं आम्हाला काय? थोडं थांबा. सतत थकलेली, कशातच मन न लागणारी एखादी मैत्रीण तुमच्या वर्गात असेल. घरचे तिला आळशी म्हणतात, मित्र म्हणतात नाटकं करते. फार झालं तर ‘डिप्रेशन आलंय’ म्हणून सगळे मोकळे होतात. नाव ठेवायची घाई सगळ्यांना, तपासायची कुणालाच नाही. अ‍ॅशर यांनी नेमकं याच घाईशी भांडण मांडलं.

त्यांचा जन्म १९१२ चा, इंग्लंडमधल्या ब्रायटनचा. वडील धर्मोपदेशक. डॉक्टर झाल्यावर लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये ते काम करू लागले. मानसिक रुग्णांना निरीक्षणासाठी ठेवायचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. त्या काळी ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर माणसाला कित्येक दिवस खाटेवरून उठू देत नसत. १९४७ मध्ये अ‍ॅशर यांनी लेख लिहून सांगितलं, की नुसतं पडून राहणंही घातक आहे. रक्ताच्या गाठी होतात, स्नायू झिजतात, माणूस मनानेही खचतो. आज दुसऱ्याच दिवशी नर्स पेशंटला उठवून चालवते ना? त्या बदलात अ‍ॅशर यांचाही वाटा आहे. खोटी दुखणी सांगत या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरणाऱ्या रुग्णांच्या आजाराला ‘मुंचाउझेन सिंड्रोम’ हे नाव १९५१ मध्ये त्यांनीच दिलं. लिहायचे सोपं आणि मिश्कील.

पण आपल्या कामाचा आहे तो १९४९ चा लेख. त्यात त्यांनी १४ रुग्णांची हकिगत मांडली. कुणाला भास होत होते, कुणी घरच्यांवरच संशय घेत होतं, कुणी पार सुन्न झालं होतं. सगळ्यांवर वेडाचा शिक्का बसायच्या बेतात होता. अ‍ॅशर यांनी त्यांचे सुजलेले चेहरे, कोरडी कातडी, घोगरा आवाज, मंदावलेली हालचाल पाहिली आणि दुखणं ओळखलं. गळ्यातली थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नव्हती. थायरॉइडचा उपचार सुरू केल्यावर त्यातले बहुतेक जण सुधारले.

गंमत म्हणजे हे सगळं अगदी नवं नव्हतं. थायरॉइड कमी पडल्यावर मनही बिघडतं, याची नोंद लंडनच्याच डॉक्टरांनी १८८८ मध्ये केली होती. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन रुग्ण बरा करून दाखवला गेला, तो १८९१ मध्ये. पण माहिती पुस्तकात राहिली आणि वॉर्डात विसरली गेली. अ‍ॅशर यांनी ती पुन्हा वॉर्डात आणली.

आता या गोष्टीचा अवघड भाग. १९६४ मध्ये अ‍ॅशर यांनी हॉस्पिटलची नोकरी अचानक सोडली. शेवटच्या वर्षांत त्यांना स्वतःलाच नैराश्याने ग्रासलं. एप्रिल १९६९ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. तो मृत्यू आत्महत्येने झाला असं मानलं जातं. घरात गाणं होतं, नाव होतं, ज्ञान होतं. तरीही आजार आलाच. म्हणूनच ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न नैराश्याच्या रुग्णाला विचारण्यात काही अर्थ नसतो.

त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत आर्थर प्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याच्या गोळीला जोड म्हणून त्यांनी ‘टी-३’ हे थायरॉइड हार्मोन थोड्या प्रमाणात दिलं. रुग्णांचा थायरॉइड नॉर्मल होता, तरी त्यांना लवकर आराम पडू लागला. पुढे २००६ मध्ये एक मोठा अभ्यास आला. दोन औषधं घेऊनही बरं न वाटलेल्या रुग्णांना टी-३ ची जोड दिली, तेव्हा साधारण चारातल्या एकाचं नैराश्य ओसरलं. म्हणजे हा रामबाण उपाय नाही. पण पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून सगळं संपलं, असंही नाही. डॉक्टरांकडे पुढचे मार्ग असतात.

योगायोग बघा, आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज सुरू झालं तेही १९६९ मध्येच. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेव्हा दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना गाठा. जोडीला थंडी सोसत नसेल, वजन वाढत असेल, कातडी कोरडी पडत असेल, पाळी अनियमित असेल, तर तेही सांगा आणि ‘टीएसएच’ तपासायचं का ते विचारा. ही रक्ताची साधी तपासणी आहे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. एक, घरातल्या कुणाची थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, वजन कमी करायला तर मुळीच नाही. छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चालू असलेलं औषधही विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. दुसरी, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असा अर्थ काढू नका. थायरॉइड ठीक असलेलं नैराश्यही तेवढंच खरं असतं आणि त्यावरही उपचार असतात.

जीव नकोसा वाटेपर्यंत तर थांबूच नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तुमच्यासाठी नाही तरी बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मित्रासाठी तो आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.